रस तर प्यायलात, आता चोथ्याचं काय?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये अन्ननासाडीवरचा अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यातला एक आकडा बातम्यांमधून सगळीकडे फिरला. २०२२ या एका वर्षात जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं सुमारे ६० टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नाही, तर तुमच्या-आमच्या घरांतून गेलं. हे वाचून कुणाला फ्रिजमध्ये सुकलेली कोथिंबीर आठवली असेल, कुणाला ताटात टाकलेलं जेवण. मला ज्युसरच्या मागचं भांडं आठवलं. सकाळी ग्लासभर रस निघतो आणि त्या भांड्यात जवळजवळ तेवढ्याच वजनाचा ओला, रंगीत ढीग साठतो. रस प्यायला जातो आणि ढीग सरळ कचऱ्याच्या डब्यात.

त्या १०५ कोटी टनांत सालं, बिया, हाडं असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत. मग चोथा कुठल्या रांगेत बसवायचा? सालं-बियांच्या की अन्नाच्या?

अन्नाच्या, यात मला जराही शंका नाही. पण चोथा म्हणजे किसलेली भाजी नव्हे, आणि गोची इथेच होते. लोक मोठ्या उमेदीने तो केकमध्ये किंवा कटलेटमध्ये घालतात, पदार्थ बिघडतो आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा डबा. चोथ्याचा स्वभाव कळला की ही फजिती टळते. तो स्वभाव समजावून सांगण्यासाठीच हा लेख.

## चोथा म्हणजे नेमकं काय

भाजीचा कुठलाही तुकडा म्हणजे लाखो चिमुकल्या खोल्यांची इमारत. या खोल्यांना पेशी म्हणतात. प्रत्येक खोलीत पाणी भरलेलं असतं आणि त्या पाण्यात साखर, क्षार, क जीवनसत्त्व विरघळलेलं असतं. खोलीच्या भिंती मात्र पाण्यात विरघळत नाहीत. ज्युसर या भिंती फोडतो आणि आतलं पाणी बाहेर काढतो. बाहेर आलेलं पाणी म्हणजे रस. पडलेल्या भिंतींचा राडारोडा म्हणजे चोथा.

या भिंती मुख्यतः सेल्युलोज नावाच्या धाग्यांच्या असतात. गंमत अशी की सेल्युलोज आणि बटाट्यातला स्टार्च या दोन्ही माळा एकाच मण्याच्या, ग्लुकोजच्या. फरक फक्त मणी एकमेकांना जोडणाऱ्या गाठीत असतो. स्टार्चची गाठ आपल्या पचनसंस्थेला सोडवता येते, सेल्युलोजची येत नाही. म्हणून भिंती न पचता थेट मोठ्या आतड्यापर्यंत जातात. अन्नातल्या अशा न पचणाऱ्या भागाला आहारतंतू म्हणतात. मराठीत मात्र आपण त्यालाही ‘चोथा’च म्हणतो. डॉक्टर ‘चोथा असलेलं अन्न खा’ सांगतात तेव्हा आणि ज्युसरच्या भांड्याकडे बोट दाखवून आपण ‘हा चोथा टाक’ म्हणतो तेव्हा, शब्द एकच असतो आणि बऱ्याच अंशी वस्तूही एकच असते.

हा भाग निरुपयोगी आहे असं शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ वाटत होतं. ‘आहारतंतू’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग १९५३ मध्ये पहिल्यांदा वापरला गेला. पुढे १९७० च्या दशकात डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने हा विषय जगापुढे जोरकसपणे मांडला. त्यांनी युगांडात अनेक वर्षं काम केलं होतं. तिथल्या ग्रामीण लोकांच्या आहारात भरपूर चोथा असे आणि श्रीमंत देशांतले आतड्यांचे कितीतरी विकार त्यांच्यात क्वचितच दिसत, हे त्यांनी टिपलं. आज जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची शिफारस आहे की मोठ्या माणसाने रोज अन्नातून किमान २५ ग्रॅम तंतू घ्यावेत.

## एक किलो गाजरांचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू, कारण हा हिशेब मांडला आणि चोथ्याकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

एक किलो गाजरांत साधारण ८८० ग्रॅम पाणी असतं. साखर सुमारे ४७ ग्रॅम, तंतू सुमारे २८ ग्रॅम. समजा, तुमच्या ज्युसरने ५५० ग्रॅम रस काढला आणि ४५० ग्रॅम चोथा उरला. यंत्रानुसार हे प्रमाण कमी-जास्त होईल. तंतूंमधले थोडे रसाबरोबर निसटतात आणि बाकीचे, म्हणजे २४ ग्रॅमच्या आसपास, चोथ्यातच राहतात.

२४ ग्रॅम! एका माणसाला दिवसभरात जेवढे तंतू हवेत, जवळजवळ तेवढे त्या एका भांड्यात आहेत आणि ते आपण उचलून टाकतो.

दुसरा आकडा मला याहून चकित करतो. चोथा मुठीत घेतला तर कोरडा लागतो, अगदी भुश्यासारखा. पण वजनाचा हिशेब केला तर त्यात अजूनही चार-पंचमांशांहून जास्त पाणीच असतं. ते ४५० ग्रॅम पूर्ण वाळवले तर पाऊणशे ग्रॅमच्या आसपास उरतील. मग एवढं पाणी असून तो कोरडा का लागतो? कपडे पिळून झाले की थेंब गळायचे थांबतात, म्हणून कपडे वाळले असं होत नाही. दोरीवर घालावेच लागतात. चोथ्याचंही तसंच. सुटं पाणी निघून गेलेलं असतं आणि उरलेलं तंतूंनी घट्ट धरून ठेवलेलं असतं. ज्युसर कितीही जोर लावो, ते पाणी तंतू सोडत नाहीत.

म्हणजे चोथा हा पिळलेला स्पंज आहे. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. तो लवकर का नासतो, केक कोरडा का करतो, वाळायला इतका वेळ का घेतो, या सगळ्याचं उत्तर या स्पंजात आहे.

## ‘पण सगळं सत्त्व तर रसात गेलं ना?’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो अर्धा खरा आहे. पाण्यात विरघळणाऱ्या गोष्टी, म्हणजे पोटॅशियमसारखे क्षार, क जीवनसत्त्व, साखर, पाण्याबरोबर मोठ्या प्रमाणावर रसात जातात. पण चोथ्यात पाणी उरतं, तेव्हा त्या पाण्यात विरघळलेलंही उरतं. वरच्या उदाहरणात ४७ ग्रॅमपैकी जवळपास २० ग्रॅम साखर चोथ्यातच राहिलेली असते. ‘चोथा म्हणजे बिनसाखरेचा’ असं समजून भरमसाट खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि जे पाण्यात विरघळतच नाही, त्याचं काय? गाजराचा केशरी रंग कॅरोटीनचा असतो. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं. जर्मन रसायनतज्ज्ञ वाकेनरोडर यांनी १८३१ मध्ये हा पदार्थ गाजरातूनच वेगळा काढला, म्हणून त्याचं नावही गाजरावरून पडलं. कॅरोटीन पाण्यात नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे त्याचा बराचसा भाग फुटलेल्या पेशींच्या तुकड्यांना चिकटून चोथ्यातच राहतो.

याचा पुरावा घरच्या घरी बघता येतो. पसरट तव्यावर दोन चमचे तेल तापवा, मूठभर गाजराचा चोथा टाका आणि मंद आचेवर परता. पहिली दोन मिनिटं नुसती वाफ येते आणि चोथा तव्याला चिकटू पाहतो. मग वाफ कमी होते, कडेने तेल सुटायला लागतं, आणि ते तेल केशरी झालेलं असतं. तवा जरा तिरका धरला की कडेला जमलेल्या तेलाचा रंग स्पष्ट दिसतो. रसात सगळं गेलं असतं तर हा रंग कुठून आला असता? तेलात उतरलेलं हे कॅरोटीन शरीरालाही जास्त सहज मिळतं, कारण शिजवल्याने आणि स्निग्धाची सोबत मिळाल्याने ते शोषलं जाण्याचं प्रमाण वाढतं.

तंतूंचंही एक काम राहिलंच. ते आपल्याला पचत नसले तरी मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना त्यातले काही पचवता येतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. आपल्याला कुचकामी वाटणाऱ्या चोथ्यावर आपल्याच शरीराचा एक कोपरा पोसला जातो.

## निर्णय रस काढण्याआधी घ्यायचा असतो

चोथा वापरायचा विचार बहुतेक जण ज्युसर बंद केल्यावर करतात. तोवर उशीर झालेला असतो. सफरचंदाच्या बिया, संत्र्याची पांढरी कडू साल, आल्याचे धागे, पालेभाजीचे देठ, सगळं एकत्र दळलं जाऊन भांड्यात बसलेलं असतं आणि त्यातून काहीच वेगळं करता येत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी गाजर, बीट अशा सौम्य चवीच्या भाज्या घालाव्यात. त्यांचा रस निघाला की यंत्र थांबवून मागचं भांडं रिकामं करावं. मग काकडी आणि पालेभाज्या. आलं, लिंबूवर्गीय फळं अगदी शेवटी. या एका थांब्याला अर्धं मिनिट जातं, पण हाती तीन वेगळे चोथे येतात आणि त्यांचा उपयोगही वेगवेगळा होतो. सेलेरीसारख्या धागेदार भाज्यांचे आधीच बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करावेत, नाहीतर चोथ्यात लांब धागे राहतात आणि खाताना दातांत अडकतात.

बियांबाबत मात्र आग्रहाने सांगते. सफरचंदाच्या बियांत आणि पीच, जर्दाळू यांच्या कोयीतल्या गरात अमिग्डालिन असतं. बी अख्खी गिळली तर सहसा तशीच बाहेर पडते, पण दळली गेली की त्यातून सायनाइड सुटू शकतं. एखाद-दुसऱ्या बीने काही होत नाही, तरी गाभा काढून टाकायला कितीसा वेळ लागतो? कडू लागणारी काकडी, दुधी किंवा भोपळा यांचा तर रसही नको आणि चोथाही नको. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवूनही ते जात नाही.

साल ठेवायची असेल तर भाजी वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून धुवावी. माती, जंतू आणि फवारणीचे अवशेष सालीवरच जास्त असतात, आणि चोथ्यात साल सगळीच येते.

ज्युसर कुठला आहे यानेही फरक पडतो. वेगाने फिरणारा ज्युसर आधी भाजी किसतो आणि मग जाळीच्या टोपलीत गरगर फिरवून रस बाहेर फेकतो, वॉशिंग मशीन कपडे पिळतं तसा. हळू फिरणारा, ज्याला कोल्ड प्रेस म्हणतात, मळसूत्रासारख्या दांड्याने भाजी दाबत नेतो. याचा चोथा सहसा जास्त कोरडा आणि बारीक असतो. पहिल्याचा ओलसर आणि जरा भरड. कृती एकच असली तरी दोन घरांत पदार्थ वेगळा होतो, त्याचं एक कारण हेच.

## दोन तासांचं घड्याळ

अख्खं गाजर फ्रिजमध्ये आठवडे टिकतं, मग त्याचाच चोथा संध्याकाळपर्यंत आंबूस का होतो?

कारण गाजराची तटबंदी पडलेली असते. साल गेली, पेशींच्या भिंती फुटल्या, आतली साखर उघडी पडली, आणि बारीक कणांमुळे हवा लागायला हजारपट जागा झाली असं म्हटलं तरी चालेल. वर तो स्पंज ओला आहेच. जंतूंना याहून जास्त काय हवं? ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून चोथा बाहेर जास्तीत जास्त दोन तास ठेवावा. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. त्याआत तो शिजवा, नाहीतर झाकणाच्या डब्यात भरून ५ अंशांखाली फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर फ्रीझर, उणे १८ अंश.

सफरचंदाचा चोथा पाच-दहा मिनिटांत तपकिरी पडतो. ते मात्र नासणं नव्हे. फुटलेल्या पेशीतलं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने हा रंग तयार करतं. लिंबाचे चार थेंब चोळले की त्याचा वेग मंदावतो. वास आंबूस, स्पर्श बुळबुळीत किंवा बुरशीचा एखादा ठिपका दिसला तर मात्र वरवरचं काढून उरलेलं वापरू नका, सगळाच चोथा टाका.

एक सल्ला मला धोक्याचा वाटतो: चोथा तेलात बुडवून बरणीत भरून ओट्यावर ठेवा, टिकतो. असं करू नये. गाजर, बीट, पालेभाज्या कमी आंबट असतात आणि तेलाखाली हवा पोचत नाही. बोट्युलिझम हा जीवघेणा आजार करणारा जिवाणू नेमका अशाच ठिकाणी वाढतो. २००६ मध्ये अमेरिका आणि कॅनडात बाटलीबंद गाजराच्या रसातून काही जणांना हा आजार झाला होता. रस फ्रिजबाहेर राहिला असावा, असं तपासात पुढे आलं. त्याच गाजराच्या चोथ्याला वेगळा नियम लागू होत नाही.

बीट आणि पालेभाज्यांत नायट्रेट असतं. चोथा बराच वेळ बाहेर राहिला तर जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि तान्ह्या बाळांना ते घातक ठरू शकतं. बाळाच्या वाटीत ठेवणीतला चोथा घालूच नये.

## स्वयंपाकात: स्पंजाला आधी पाणी पाजा

चोथ्याचा माझा पहिला प्रयोग गाजराच्या केकचा. कृतीत किसलेलं गाजर होतं, त्याऐवजी मी तेवढाच चोथा घातला. केक फुगला, रंगही छान आला. सुरी घातली आणि तो भुगा होऊन पडला. दाताखाली लाकडाचा भुसा चावल्यासारखं वाटत होतं. बराच काळ मी दोष ओव्हनला दिला. खरं कारण स्पंज होता. किसलेलं गाजर भट्टीत स्वतःचं पाणी सोडतं आणि केक ओलसर ठेवतं. पिळलेला चोथा उलट करतो. तो केकच्या मिश्रणातलं पाणी ओढून घेतो.

उपाय सोपा आहे. पिळून काढलेलं थोडं परत द्यायचं. १०० ग्रॅम चोथ्यावर पाच-सहा मोठे चमचे दूध, पाणी किंवा तोच रस घालून वीस मिनिटं झाकून ठेवायचं. मग हातात घेऊन दाबायचं. बोटांच्या फटीतून एखादा थेंब यायला लागला की तो किसलेल्या भाजीच्या जागी वापरायला तयार झाला. नुसता ओलसर लागला आणि थेंब आला नाही, तर अजून एक-दोन चमचे. हे दाबून बघणं चमच्यांच्या मापापेक्षा जास्त भरवशाचं आहे, कारण प्रत्येक ज्युसरचा चोथा वेगळा.

दुसरी अडचण चिकटपणाची. कटलेट किंवा पॅटी तेलात सुटते, कारण तंतू एकमेकांना धरून ठेवत नाहीत. त्यांना धरणारं काहीतरी लागतं: उकडलेला बटाटा, शिजवून घोटलेली कडधान्यं किंवा अंडं. एक भाग चोथ्याला दोन भाग बटाटा हे प्रमाण माझ्याकडे कधी फसलं नाही. आणि मिश्रणात घालण्याआधी चोथा तेलावर परतून घ्यावा. कच्चा चोथा आतून पिठूळ लागतो. परतला की त्याचा कच्चा वास जातो, कडा खमंग होतात आणि तो केशरी रंग तेलातून सगळीकडे पसरतो.

सूपमध्ये चोथा सगळ्यात निमूटपणे सामावतो. कांदा-लसणाच्या फोडणीवर परतलेला गाजराचा किंवा बिटाचा चोथा, त्यावर पाणी, पंधरा-वीस मिनिटं उकळी आणि मग मिक्सरमधून बारीक. वेगळं पीठ लावायची गरज पडत नाही, दाटपणा चोथाच देतो. पुन्हा कामाला येतो तो स्पंजच.

चोथा उकळून, गाळून त्याचा स्टॉक करा, असा सल्लाही बराच दिला जातो. मला तो पटत नाही. स्टॉकला चव येते ती पाण्यात उतरणाऱ्या गोष्टींची, आणि त्याच तर रसात गेलेल्या असतात. हाती येतं फिकट, गढूळ पाणी. शिवाय गाळल्यावर चोथा टाकलाच जातो, म्हणजे ज्या तंतूंसाठी एवढी खटपट केली तेही गेले.

## ‘पण त्याला चवच नसते’

खरं आहे, कमी असते. गोडवा आणि आंबटपणा दोन्ही पाण्याच्या वाटेने गेलेले. म्हणून चोथ्याला भाजी समजून मीठ घातलं तर पदार्थ अळणी लागतो. मीठ, आंबट आणि मसाला नेहमीपेक्षा जरा सढळ हाताने घालावा. आल्याच्या चोथ्याला हे लागू नाही. त्याचा तिखटपणा चांगलाच टिकतो आणि चहाच्या पाण्यात उकळला तर एका वेळेपुरता मस्त उतरतो. पालेभाजीचा चोथा माझ्या मते सगळ्यात अवघड. शिजला की काळपट हिरवा होतो आणि एकटा फारसा चांगला लागत नाही. तो थोडा-थोडा पीठ मळताना घालावा. त्याच्यावर जास्त मेहनत घेऊ नये.

## वाळवायचा असेल तर

रोज रस काढणाऱ्यांसाठी ही वाट चांगली, कारण पाऊण किलोचा डबा मुठीएवढा होतो. ताटात किंवा ट्रेमध्ये कागदावर चोथा अगदी पातळ पसरावा, तीन-चार मिलिमीटर, त्याहून जाड नको. ओव्हन किंवा डिहायड्रेटर ५५ ते ६० अंशांवर ठेवून चार ते सहा तास, मधून-मधून हाताने मोकळा करत. ओव्हन असेल तर दार बोटभर उघडं ठेवावं, नाहीतर वाफ आतच कोंडते. आच वाढवून घाई केली तर बाहेरचे कण करपतात आणि आत ओल राहते. उन्हात वाळवायचा तर हवा खरोखर कोरडी आणि वारा खेळता हवा. दमट हवेत चोथा वाळण्याआधी बुरशी येते.

झाला की नाही, हे गरम असताना कळत नाही. पूर्ण गार होऊ द्या आणि चिमटीत चुरडा. कुरकुर वाजून पूड झाली तर झाला. लवचीक वाटला तर परत आत. मग मिक्सरमध्ये दळून घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरा. पहिले चार-पाच दिवस बरणी रोज हलवून बघा. काचेवर दव दिसलं किंवा पूड गोळा झाली तर ओल राहिली आहे.

ही पूड पिठात मिसळता येते, पण बेताने. पाव करताना दहा चमचे पिठात एका चमच्याहून जास्त घातली तर पाव दडस होतो, कारण तंतू गव्हाच्या ग्लुटेनची जाळी तोडतात आणि पाणीही पळवतात. पूड घातलीच तर पाणी वाढवावं आणि पीठ जरा जास्त वेळ मुरू द्यावं.

## ‘पोट बिघडणार नाही ना?’

एकदम भरपूर खाल्ला तर बिघडेल. ज्याच्या आहारात एरवी चोथा कमी आहे, त्याने एका दिवसात वाटीभर खाल्ला तर गॅस, पोटफुगी ठरलेली, कारण आतड्यातल्या जिवाणूंना अचानक मेजवानी मिळते. दोन चमच्यांपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवावं आणि सोबत पाणी भरपूर प्यावं. स्पंज आतड्यातही स्पंजच असतो. पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठ जाण्याऐवजी वाढतं. आतडं अरुंद झालेलं असणं, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया, आतड्याला सूज असलेले विकार, यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय चोथा वाढवू नये. बिटाने लघवी-शौचाचा रंग लाल झाला तर घाबरू नये, चोथ्यानेही तो होतो.

घरच्या कुत्र्या-मांजरांना चोथा घालणाऱ्यांना एवढंच सांगणं, की त्यात कांदा किंवा लसूण गेला असेल तर थेंबभरही नको. दोघांनाही ते विषारी आहे.

## ‘चोथा खाणारच असू, तर रस काढायचाच कशाला?’

हा प्रश्न मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. सकाळी रस पिऊन संध्याकाळी त्याचाच चोथा खाल्ला, तर अख्खी भाजी खाल्ल्यासारखं होतं का? नाही.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग मांडला होता. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, वाटून आणि रस. साखर तिन्हींत सारखीच. रस अख्ख्या सफरचंदाच्या ११ पट वेगाने पिऊन झाला. पोट भरल्यासारखं सगळ्यात जास्त अख्ख्या फळाने वाटलं, सगळ्यात कमी रसाने. वाटलेलं फळ मध्येच राहिलं, म्हणजे तंतू सगळे असूनही. तंतू आहेत एवढंच पुरत नाही, खोलीच्या भिंती उभ्या असणंही मोलाचं असतं, हे मला त्यातून पहिल्यांदा नीट कळलं. जागतिक आरोग्य संघटनाही फळांच्या रसातली साखर ‘मुक्त साखरे’त मोजते, म्हणजे चहात वरून घातलेल्या साखरेच्या रांगेत. अख्ख्या फळातली तिथे मोजत नाही.

तेव्हा चावता येतं आणि आवडतं त्यांनी भाजी अख्खी खावी, हे माझं मत. पण ज्यांना चावणं-गिळणं कठीण जातं, जे आजारपणातून उठताहेत, ज्यांच्या पोटात एरवी एकही भाजी जात नाही, किंवा ज्यांना रस मनापासून आवडतो, त्यांच्यासाठी रसाला जागा आहेच. चावण्या-गिळण्याची अडचण नसलेल्यांनी ग्लासात दोन चमचे चोथा परत ढवळून बघावा. रस दाट होतो, घोट लहान होतात आणि ग्लास संपायला वेळ लागतो.

## आणि काहीच जमलं नाही तर

कधीकधी जमत नाही. बिया दळल्या गेल्या, चोथा दिवसभर बाहेर राहिला, घरात कुणालाच नको आहे. मग त्याचं खत करावं. मिश्र कचऱ्यात तो जाऊ देऊ नये. कचऱ्याच्या डोंगराखाली हवा नसते आणि तिथे कुजताना मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त उष्णता अडवतो.

खताच्या डब्यात मात्र चोथा एकटा टाकू नका. बारीक आणि ओला असल्याने तो चिखलासारखा बसतो, हवा बंद होते आणि दुसऱ्या दिवशी आंबट घाण वास सुटतो. एक वाटी चोथ्याला दोन-तीन वाट्या सुकी पानं किंवा फाडलेला पुठ्ठा घालून हाताने मिसळा. मूठभर मिश्रण दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर अजून पानं.

## ‘रोज एवढा वेळ कुणाकडे आहे?’

रोज लागतही नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये चोथा दाबून भरा, वर थोडं पाणी किंवा रस घाला आणि फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलं की चौकोन काढून पिशवीत भरा. गाजर-बिटाची पिशवी वेगळी, हिरव्याची वेगळी, आल्याची वेगळी. गोठताना पाण्याचे स्फटिक उरल्यासुरल्या भिंतीही फोडतात, त्यामुळे वितळल्यावर चोथा आणखी मऊ लागतो आणि सूपला तर फारच छान. पिशवीवर भाजीचं नाव आणि तारीख मात्र नक्की लिहा. गोठलेला बिटाचा आणि टोमॅटोचा चोथा महिन्याभराने हुबेहूब सारखा दिसतो.